त्याला बोलतं करायचंय

१२ जानेवारी

आज उभी राहिले तरी घोटा ठणकला नाही. चिगाँगचा, त्या चिनी श्वासाच्या व्यायामाचा, वर्ग लावल्यापासून पहिल्यांदाच. गुडघे जरासे वाकवायचे, हात समोर गोल, जसं काही मोठं पिंप कवेत धरलंय. जीभ टाळूला, श्वास बेंबीच्या खाली. आणि मग नुसतं उभं राहायचं. बाई म्हणतात, हळूहळू पोटात ऊब जाणवेल, ती तुमची शक्ती. मला जाणवते की! पण ती ऊब कसली आहे हे सांगितलं तर बाई मला वर्गातून काढतील.

१३ जानेवारी

घरी सराव स्वयंपाकघरात. दुसरीकडे हात पसरायला जागा नाही. हात वर नेऊन ‘आकाश उचलत’ होते, तेवढ्यात धाकटी बहीण चहा करायला आली — ‘सरक गं, आकाश नंतर उचल.’

१९ जानेवारी

पुन्हा एकदा सगळं लिहून ठेवते. राग शिळा होऊ नये म्हणून.

मी नाट्यगृहात दिव्यांचं काम करायचे. प्रयोगाच्या आधी छताखालचा एक दिवा वळवायचा होता. चाकांची उंच शिडी. खाली रंगमंचाचा व्यवस्थापक. आम्ही त्याच्या पाठीमागे त्याला ‘शिट्टी’ म्हणायचो, कारण माणसांना नावाने हाक मारणं त्याला कमीपणाचं वाटायचं. मी विचारलं, ‘चाकं अडकवली ना?’ तो म्हणाला, ‘हो, चढ.’ मी चढले. हात लांबवला आणि शिडी सरकली.

खुबा मोडला, घोटा मोडला. चौकशीत शिट्टी म्हणाला, ‘मी तिला थांब म्हटलं होतं. तिने ऐकलं नाही.’ रंगमंचावर आम्ही दोघंच होतो. मी किंचाळले, रडले, टेबलावर हात आपटला. समितीने लिहिलं — निष्काळजी. आणि वर ‘स्वभाव अस्थिर’. तेव्हापासून गावातल्या एकाही नाट्यगृहात मला शिडीला हात लावू देत नाहीत. दिव्यांच्या दुकानात झुंबरं विकते. गिऱ्हाईक विचारतं, ‘हे लावून कोण देणार?’ मी म्हणते, माणूस पाठवू.

फेरचौकशीचा अर्ज केलाय. या वेळी मी रडणार नाही. आवाज कापणार नाही. त्यासाठीच हे उभं राहणं आणि डोळे मिटून बसणं. मनःशांती वगैरे ज्यांना हवी त्यांना लखलाभ.

२७ जानेवारी

ध्यानात बसले की बाई सांगतात, विचार येईल, त्याला जाऊ द्या. माझा एकच येतो. तो जात नाही आणि मीही त्याला जा म्हणत नाही.

धाकटी म्हणते, ‘तू ध्यान करतेस की दबा धरून बसतेस?’

५ फेब्रुवारी

समितीचं उत्तर आलं. जूनमध्ये घेऊ म्हणतात, पण दोन्ही बाजू हजर राहून बोलू शकल्या तरच. हे ‘बोलू शकल्या तरच’ काय ते कळेना. नाट्यगृहातल्या जुन्या पेटीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, ‘तुला माहीत नाही? शिट्टीला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नोकरी सुटली.’

मला आनंद झाला. संध्याकाळपर्यंत होता. मग लक्षात आलं — तो बोलू शकला नाही, तर त्याचं जुनं बोलणंच कायम राहणार. मुका होऊनही सुटला!

१८ फेब्रुवारी

वर्गातून आले आणि आधी हे लिहायला बसले.

वर्गात नवीन माणूस आला. बायकोच्या आधाराने, काठी टेकत, तोंड एका बाजूला ओढलेलं. मी ढग बाजूला सारत होते — म्हणजे तसा हाताचा प्रकार आहे — आणि हात तसेच हवेत राहिले. शिट्टी! बाईंनी त्याला खुर्ची दिली. त्याने माझ्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. ओळखलं की नाही, त्या चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नाही.

घोटा दुखतोय म्हणून लवकर निघाले. घोटा दुखत नव्हता.

१९ फेब्रुवारी

गेले नाही.

२० फेब्रुवारी

दुकानात दिवसभर एकच हिशोब डोक्यात. तो बोलायला हवा. जूनपर्यंत. समितीसमोर मी त्याला समोरासमोर विचारणार, ‘चाकं अडकवली होती का?’ आणि तो खोटं बोलला, तरी सगळ्यांच्या देखत माझ्या डोळ्यांत बघून बोलावं लागेल त्याला. मागच्या वेळी तो छताकडे बघून बोलला होता.

बाईंना सांगितलं, नवीन आलेत त्यांना मी मदत करते. बाई म्हणाल्या, ‘तुमच्यात बदल दिसतोय हं.’

३ मार्च

बाईंच्या पद्धतीत श्वासाबरोबर काढायचे आवाज आहेत. लांब ‘स्स’, लांब ‘हा’, पोटातून ‘हुं’. मी त्याच्या समोर खुर्ची टाकून बसते आणि ते त्याच्याकडून काढून घेते. त्याची बायको बाजूला बसून मोजे विणते. आज म्हणाली, ‘घरी माझं काही ऐकत नाहीत. तुझं ऐकतात.’

ऐकावंच लागेल, वहिनी.

घामाने निथळतो. मी थांबू देत नाही. ‘पुन्हा. पोटातून. छातीतून नको.’ रंगमंचावर तो आम्हाला याच सुरात बोलायचा.

१४ मार्च

पहिला शब्द निघाला. ‘पाणी.’ बायको रडायला लागली, बाईंनी डोळे पुसले, मला मिठ्या मारल्या. घरी येऊन धाकटीला सांगितलं, ती म्हणाली, ‘लोक तुला संत म्हणायला लागतील.’ म्हटलं, म्हणू देत. बळीचा बकरासुद्धा चारून-पोसूनच धष्टपुष्ट करतात.

ती हसली नाही. कपबशा विसळत राहिली.

२२ मार्च

शब्द मी निवडते. ‘शि-डी.’ ‘चा-क.’ ‘व-र.’ बायकोला वाटतं सोपे आहेत म्हणून देते. त्याने ‘शिडी’ म्हणायला खूप वेळ लावला. ‘चाक’ आलंच नाही. ओठ हलले, डोळ्यांत पाणी आलं. झटक्यानंतर उगाचच डोळे भरतात म्हणे. डॉक्टरांनीच सांगितलंय तसं.

मी ‘चाक’ पुन्हा घेतलं.

६ एप्रिल

हे लिहू की नको. लिहिते.

आज जोडीचा सराव होता. समोरासमोर उभं राहायचं, तळव्याला तळवा, एकाने भार द्यायचा, दुसऱ्याने घ्यायचा. तो काठीशिवाय उभा होता. त्याचा सगळा भार माझ्या उजव्या तळव्यावर. एवढा मोठा माणूस, आणि हात लहान मुलासारखा ऊनऊन. मनात आलं, मीही असाच भरवसा ठेवला होता.

मी हात काढून घेतला.

तो कोलमडला. खुर्चीचा कोपरा हाती आला म्हणून वाचला, नाहीतर कपाळमोक्ष होता. बायको धावली. ‘काय झालं? काय झालं?’ त्याने माझ्याकडे पाहिलं. मग बायकोकडे वळून म्हणाला, ‘पा-य. माझा. पाय… सरकला.’

खोटं बोलायची सवयच आहे त्याला. फक्त या वेळी माझ्या बाजूने बोलला.

७ एप्रिल

सकाळी उभी राहिले. ऊब नाही, काही नाही.

८ एप्रिल

तेच.

११ एप्रिल

वर्ग संपल्यावर बाईंनी थांबवून घेतलं. मला वाटलं, पाहिलं असणार. पण त्या म्हणाल्या, ‘तुम्ही खांदे वर चढवून उभ्या राहता. कुणीतरी वार करणार आहे असं.’ मी म्हटलं, ‘किंवा मी करणार आहे असं.’ बाईंनी नुसतं खांद्यांवर हात ठेवून खाली दाबले. म्हणाल्या, ‘करायचा असेल तरी खांदे खालीच हवेत.’

बरोबर आहे. खांदे खाली.

२ मे

आता वाक्यं बोलतो. तुटक, पण कळतात. ‘चहा… कडू आहे.’ ‘आज… ऊन फार.’ बायकोला हसवतोसुद्धा. मला हसवायचा प्रयत्न केला. मी हसले नाही. हसू आलं असतं कदाचित, पण आवरलं.

माझं लंगडणं जवळजवळ गेलंय. धाकटीच्या लक्षात आलं, माझ्या आलं नव्हतं. तिने मला दुकानापर्यंत चालताना मागून पाहिलं म्हणे. ‘तू घाईत होतीस आणि तुझा पाय मध्ये येत नव्हता.’

१९ मे

फेरचौकशीची तारीख ठरली. आम्हा दोघांनाही बोलावलंय. आज वर्गात बायको नव्हती, औषधं आणायला गेलेली. मी त्याला पहिल्यांदा सरळ विचारलं, ‘मला ओळखलंत का?’

तो म्हणाला, ‘दिवे.’

मी म्हटलं, ‘जूनमध्ये येताय ना?’

तो म्हणाला, ‘येतो.’

एवढंच. धमकी द्यायची माझी तयारी होती. घशापर्यंत आलेली. द्यायला जागाच ठेवली नाही त्याने.

८ जून

उद्या. रात्रीसाठी काही राखायचं नाही म्हणून आत्ता दुपारीच लिहितेय. प्रश्न पाठ आहेत. तो नाकारेल तेव्हा काय बोलायचं तेही पाठ. आरशासमोर बोलून पाहिलं. आवाज कापत नाही. खांदे खाली.

आता पडू देत त्याला, सगळ्यांच्या देखत.

९ जून

नाट्यगृहाची तीच वरची खोली. तेच टेबल. अध्यक्ष घड्याळाकडे बघत म्हणाले, ‘यांना बोलायला त्रास होतो, तर मागचंच निवेदन धरलं तर चालेल ना?’ मी तोंड उघडणार तेवढ्यात शिट्टी उठला. काठी खुर्चीला टेकवून ठेवली. गुडघे जरासे वाकवले. श्वास खाली नेला. मी पाहिलं तो नेताना, मीच तर शिकवला.

‘चाकं… मी… अडकवली… नव्हती. हिने… विचारलं. हो… मीच म्हणालो. चढ… मीच म्हणालो.’

अध्यक्ष म्हणाले, ‘मग मागच्या वेळी—’

‘खोटं… बोललो. नोकरी… जाईल म्हणून.’

समितीतल्या एक सदस्य कागदावर लिहीत होत्या, त्यांचं पेन थांबलं. तो माझ्याकडे न बघता बसला. माझे प्रश्न माझ्याकडेच राहिले. एकही विचारावा लागला नाही. समितीने तिथल्या तिथे सांगितलं, ठपका काढून टाकतो, कामावर परत या.

गोड लागलं. खोटं कशाला बोलू? त्याची मान खाली होती आणि मी ती बघत बसले होते. पोटभर बघितली. घरी येऊन धाकटीने विचारलं, ‘मग? झालं समाधान?’ म्हटलं, हो. तिने गोड करायला घेतलं. खाऊन झोपले.

११ जून

त्याच्या बायकोचा फोन आला. मला वाटलं, शिव्या द्यायला केलाय. ती म्हणाली, ‘हे काल शांत झोपले गं. किती दिवसांनी.’ मग म्हणाली, ‘तुला सांगायचं राहिलं. आमच्या घराजवळ दुसरा वर्ग आहे, डॉक्टरांनी तोच सांगितला होता. पण दवाखान्यातून येताना बसमधून तू त्या हॉलच्या पायऱ्या चढताना दिसलीस. यांनी खिडकीवर हात आपटला. दुसऱ्या खेपेला पुन्हा आपटला. तेव्हा तोंडातून शब्द नव्हता. मला कळायलाच वेळ लागला, की यांना इथेच यायचंय. तू कोण, ते बोलायला लागल्यावर मला सांगितलं. म्हणाले, तिला कळू देऊ नको.’

फोन ठेवला. म्हणजे मी त्याला खेचत होते तेव्हा तो आपणहून चालतच येत होता.

धाकटीने विचारलं, ‘कुणाचा होता?’ सांगितलं. ‘मग रडतेस कशाला?’ म्हणाली. म्हटलं, रडत नाहीये, चिडलेय. कुणावर, म्हणाली. ते अजून कळलेलं नाही.