चाकांच्या टोप्या

नसरापूर,
घटस्थापनेचा दुसरा दिवस

प्रिय सोजरा,

बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचा निरोप पोचला. तुझ्या सासूनं आळीभर गूळ वाटला. डिंकाचे लाडू टाळू नको म्हणावं, असं लिहायला सांगितलंय, ते लिहिलं. हे पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस. तुला अक्षरं येतात, सावकाश लावून तूच वाच.

नाथाचं विमान आता तू ओळखायची नाहीस. पंखांवर कापड चढलं, त्यावर रोगण बसलं. ते मोटारसायकलचं इंजिन सुरू केलं की कुत्री पार शिवगंगा नदीपर्यंत पळतात. उन्हाळ्यात कामथडीच्या माळावर ते पुरुषभर वर गेलं आणि आपटलं, नाथाची बरगडी दुखावली, तेव्हा तू त्याचा हात आपल्या पोटावर ठेवून शपथ घातलीस, की त्या मासिकातल्या चित्रासारखं अगदी पुरं झाल्याबिगर परत बसायचं न्हाई. नाथानं ती पाळली. लेक माझा हट्टी खरा, पण शब्दाचा आहे.

चित्रातलं राहिलं होतं ते एवढंच, चाकांवरच्या टोप्या. वारा चाकात अडकू नये म्हणून पुढं गोल आणि मागं निमुळती अशी पत्र्याची झाकणं. मी आपला बैलगाडीची चाकं करणारा, पत्रा ठोकायला बघून बघून शिकलो. नाथानं ते काम माझ्याकडं दिलं आणि मला देव पावल्यासारखं झालं. पहिली जोडी मी अंगाबरोबर केली, तर माळाचा चिखल आत बसून चाक फिरेना. मोडली. दुसरी जरा सैल केली, ती थरथरायची. तीही मोडली. तिसरीचा पत्राच पातळ निघाला. तुझी सासू फुलाबाई म्हणायची, "सुनेचं नऊ महिन्यांत व्हईल, तुमच्या दोन टोप्या काय होईनात." मी हसायचो. तिला काय सांगू, की टोप्या होत नाहीत तोवर पोरगा जमिनीवर आहे.

चौथी जोडी काल बसवली. डावी टोपी टायरला घासत होती. मनात म्हटलं, राहू दे घासत, तेवढाच अजून आठवडा पोरगा खाली राहील. म्हणून चहाला गेलो. पण ती घासण्याची खर्रखर्र कानातून जाईना. जन्मात घासतं चाक कुणाला दिलं नाही गं. कप तसाच ठेवून उठलो, कड वाकवली, कानस फिरवली. हातांनी माझं ऐकलंच नाही.

नाथानं चाक फिरवून बघितलं आणि माझ्या पाया पडला. दसऱ्याला बारसं आहे ना, त्या सकाळी तो माळावरून उडून आंबवड्याला तुझ्या माहेरी येणार आहे. बाळाला पहिल्यांदा वरूनच बघतो म्हणतोय. मधे सगळे डोंगर. मी नको म्हणालो तर म्हणतो, "आबा, तुमीच तर पुरं केलंत."

तेव्हा पोरी, एवढ्यासाठी लिहितोय. माझ्याकडचं काम संपलं. आता तूच काहीतरी माग. बाळाला आधी मांडीवर घ्या म्हण, चालत या म्हण, नाहीतर आणखी कसली टोपी सांग. मला काही सुचत नाही. मघाशी पुन्हा चाक फिरवून बघितलं, जराही आवाज येत नाही.

तुझाच,
मामंजी