फक्कीच्या चाळीस खुणा

पुणे, ८ जानेवारी २००७

माय, तुले अन् बाबाले जय भीम.

मी बरी हाये, दोन टाइम जेवण भेटते, काळजी नको करू. कॉलेजच्या मैदानात मेळावा हाये. लोकं जुन्या काळचे कपडे घालून तवाचे बाजार अन् लढाया करून दाखवतात. त्यातली लेझमीची जागा अन् चाळीस पोरी माह्याकडे देल्या.

आपण वावरात दोरी धरून सरकीचं बी टोबतो, तशीच दोरी धरून मी चार-चार फुटांवर फक्कीच्या खुणा केल्या, एका पोरीले एक. सारे हासले, पण जागा बरोबर बसली. आज सकाळी पाहते तं अर्ध्या खुणांवर पाहुण्यांचा मांडव! मेळाव्याच्या साहेबाले सांगितलं, तं म्हणे, "घे ना सांभाळून." काय सांभाळू? लेझीम फिरवाले जागा नाही. आता वीस पोरी नाचतात अन् वीस मांडवाच्या कडेले बसून राह्यल्या.

बाबाची कंबर कशी हाये? तुह्या चिठ्ठीत वाचलं, बीटीचा कापूस सारा एकदमच फुटला अन् वेचाले एक बी बाई भेटत नाही. तू एकटीच जातं का वावरात? बोटांले चिंधी बांधत जाय. वारं सुटलं तं सारा खाली पडन.

मेळावा सरेपर्यंत, म्हणजे पंधरा तारखेपर्यंत, मले सुट्टी नाही. दोनदा मागून पाह्यली.

त्या रिकाम्या पोरी घडीघडी येतात, "ताई, आम्हाला काहीतरी काम सांगा ना." काम कुठं हाये ते मले माहीत हाये, माय. मी म्हणते, "बसा."

तुही,
मंजुश्री