एक प्रत तिची, एक तुमची

आण्णा,

तुमच्यामुळं रोज सकाळी आठ वाजता माझा फोन वाजतो, आणि या अन्यायाची दाद कुठं मागावी हे मला कळेनासं झालंय. एका प्रयोगशाळेला तुम्ही हवे आहात. ‘आदरणीय ग्राहक, आपल्या वडिलांचीही जनुकीय तपासणी करून घ्या, कुटुंबासाठी खास सवलत.’ वडील वारले, त्याला जमाना झाला, असं मी दोनदा कळवलं. ‘आपला दिवस शुभ जावो’ असं उत्तर आलं, आणि दुसऱ्या दिवशी आठला पुन्हा तुम्ही हजर. जिवंतपणी आठच्या ठोक्याला चहासाठी घर डोक्यावर घेणारा माणूस मेल्यावरही वेळ चुकवत नाही. शिस्त म्हणायची ती ही.

मध्यंतरी माझ्या मोठ्या आतड्यातून एक पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावरचा कोंब, काढला. साधा निघाला. पण अव्वाचा, माझ्या आईचा, कॅन्सर आतड्याचाच, त्यामुळं भूल उतरता उतरता आठवण यायला हवी होती तिची. आठवलात तुम्ही. अव्वा आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलेली. मामा हातकणंगल्याहून बहिणीसाठी घरचं तूप घेऊन आलेले, कडीच्या पितळी डब्यातून. त्यांच्यापुढं चहाची कपबशी ठेवून तुम्ही म्हणालात, “ह्ये दुखणं तुमच्या घरातलंच हाय, पावणं. आमच्यात असलं काय न्हाई.” आणि दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं बोट करून, “हीबी आईवरच गेलीया.” मामा उठले. चहावर साय धरली होती. डबा तसाच राहिला. त्यानंतर ते अव्वाच्या मातीलाच आले, आणि परस्पर स्मशानातूनच परत गेले. सख्ख्या मेव्हण्याला तुम्ही पावणं म्हणालात, जसं एसटीत शेजारी बसलेल्याला म्हणावं. तुमच्याच बायकोचं दुखणं, आणि तिला ते ऐकू जाईल एवढ्या आवाजात तुम्ही ते तिच्या माहेराच्या नावावर करून टाकलंत.

तेव्हापासून मामांच्या घरावर तो डाग आहे. त्यांच्या दोन पोरींची लग्नं ठरताना पाहुण्यांच्या कानावर ते वाक्य गेलं होतं. कुणी घातलं, ते मी तुम्हाला विचारत नाही.

म्हणून मी ती तपासणी करून घेतली. कुणी सांगितली नव्हती. मला पुरावा हवा होता. अहवालात मिळाला: पालेभाजीतलं फोलेट शरीराला वापरता यावं म्हणून जे जनुक काम करतं, त्याचा मंद चालणारा प्रकार माझ्यात आहे, आणि त्याच्या दोन प्रती आहेत. दोन म्हणजे एक आईकडून, एक बापाकडून. तो कागद घेऊन मी डॉक्टरीणबाईंकडं गेले ती जवळजवळ नाचतच. तुमच्या ‘आमच्यात असलं काय न्हाई’वर हा खोटेपणाचा शिक्का होता.

बाईंनी चष्मा वर केला. “हे कशाला केलंत?”

“आमचे वडील खोटं बोलत होते, ते बघायला.”

“त्यासाठी नसतं हे,” त्या म्हणाल्या. मग नीट समजावून सांगितलं. पेशी स्वतःची नवी प्रत काढतात, बिघाड दुरुस्त करतात, तेव्हा फोलेट लागतं. म्हणून या फरकाचा आणि कॅन्सरचा संबंध लोक तपासत आलेत. पण एवढ्या एका गोष्टीनं कॅन्सर होतो असं नाही. आतड्याच्या बाबतीत तर, पोटात पाला नीट जात असेल तर धोका थोडा कमीच दिसतो, असंही आढळलंय. पाला नसला, वर दारू असली, तर तो फायदा जातो. “आईला कशानं झालं ते हा कागद सांगणार नाही. आईला झालं होतं एवढं मला पुरे. वेळच्या वेळी आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करून घ्यायची. कागद ठेवा घरी.”

म्हणजे तुम्हाला फासावर चढवायला आणलेला साक्षीदार उलटला. तरी मी हट्ट सोडला नाही. पाला म्हटल्यावर मला आपलं स्वयंपाकघर सापडलं. तुम्हाला करडई, पोकळा, कुठलीही पालेभाजी असो, उकडून करकचून पिळलेलं लागायचं. ते हिरवं गरम पाणी अव्वा टाकत नाही, त्यातच भाकरीचं पीठ मळते. एक दिवस तुम्ही भाकरी उजेडाला धरून बघताय. “हिरवी व्हय गं? म्हशीला घाल जा.” ताट सरकवून उठताय. दुसऱ्या दिवसापासून तुमचं पीठ वेगळं, साध्या पाण्यातलं. हिरव्या भाकरी तिच्या नि माझ्या.

आता हिशोब लावायला गेले तर तोही फसतो. सत्त्व सगळं तिच्या पोटात गेलं, आणि गेली तीच. तुम्ही चोथा खाऊन म्हातारे झालात. यात न्याय शोधत मी आठवडाभर डोकं फोडलं. नाही सापडला.

शेवटी मामांना फोन केला. ऐंशीच्या पुढं गेलेत, पण आवाज अजून बांधावरचा.

“मामा, आईचं दुखणं तुमच्या घरातनं आलं, असं कुणालाच म्हणता येत नाही. तपासलं मी.”

“मग त्येंच्यातनं आलं व्हय?”

“तसंही नाही.”

“मग आण्णांचं चुकलं काय म्हणायचं?”

“तोंड.”

मामा हसले. हसता हसता खोकले, आणि पलीकडं कुणाला तरी ओरडून म्हणाले, “आगं ऐकलंस का? आपल्यातनं न्हाई.” मग मला, “आमचा डबा तुमच्यातच हाय की अजून. पितळंचा. त्येवढा दे आणून.”

डबा माळ्यावर होता. चिंच लावून घासला, तसा उजळला. भरलेला आलेला डबा रिकामा परत द्यायचा नाही, एवढी रीत तुम्ही नाही, तिनं शिकवली. आज पहाटे करडई उकडली आणि तिच्या पाण्यात पीठ मळून भाकऱ्या थापल्या. सकाळच्या गाडीनं हातकणंगल्याला निघालेय. हे पत्र कुठंच जाणार नाही. आठ वाजायच्या आत फोन मात्र बंद करून ठेवलाय.

आणि पिळलेली करडई उरली होती, ती लसणाच्या फोडणीत टाकून ओट्यापाशी उभ्यानंच खाल्ली. मलाही ती अशीच आवडते, आण्णा, कोरडी, करकचून पिळलेली. हे अव्वाकडून आलेलं नाही.

डब्यात चार हिरव्या भाकऱ्या रचल्या, झाकण दाबलं, कडी लावली.