दाराला रंधा, भिंतीला वॉलपेपर

बाळा,

आईला घेऊन पार्ल्याला मावशीकडे जातेय. घर नीट होईपर्यंत ती तिथेच राहील. फोन करून तिचं डोकं खाऊ नकोस.

मुलीकडचे येणार म्हणून भिंतीच्या तड्यावर वॉलपेपर चिकटवलास, झकास! तो फाडून मी तड्यावर आडवी काच चिकटवली होती. आज ती तडकली. म्हणजे भिंत अजून खचतेय. शेंबड्या पोराला कळेल, तुला नाही.

मोरीचा पाइप जमिनीखाली फुटलाय, त्या पाण्याने पायाखालची माती वाहून जातेय. उद्या इंजिनिअर येतील. आधी पाइप बदलणार, मग पाया खणून खालून काँक्रीट भरणार. त्यांना अक्कल शिकवू नकोस. मोरीत पाणी ओतू नकोस, आंघोळ शेजारी कर.

बाहेरचं दार अडकलं की तू सुतार बोलावून रंधा मारून घेत होतास. घर कलतंय आणि हा दार तासतोय! त्या मुलीला याच भिंतीखाली आणून झोपवणार होतास ना रे?

किल्ली शोधू नकोस. दार इतकं तासलंयस की लॅच बसतच नाही, उघडंच टाकलंय. चोराची काळजी नको. या घरात शिरायला चोर काय तुझ्याएवढे बिनडोक असतात?

ताई