मिठाच्या रेषा आणि डिपोटीसाहेबांची धाव

खाडीकडची मराठी शाळा,
डोंबिवलीनजीक
मार्च १९५५

तीर्थस्वरूप काळुराममामा यांच्या पायांशी सहदेवचा साष्टांग नमस्कार. (‘तीर्थरूप’ लिहिले नाही, कारण ते वडिलांना लिहितात; मान कमी केला असे कृपया समजू नये.) इकडे मी खुशाल आहे. आपला गुडघा, सगुणामामींचा खोकला आणि गोठ्यातल्या चारी म्हशी कशा आहेत ते कळवावे. म्हशींची चौकशी मी उगीच करत नाही, पण ते पुढे येईल.

मी कल्याणचा गोठा सोडून कवायत मास्तर व्हायला निघालो तेव्हा आपण ओट्यावर बसून म्हणाला होतात, “सहद्या, तुझ्याच्यानं म्हैस जागची हलत नाही, तू पोरं काय हलवणार!” मामींनी आतून “जाताना तरी बरं बोला” म्हटले, त्यावर आपण “बरंच बोलतोय” म्हणालात. मला त्याचा राग नाही. फक्त रोज आठवते.

तर मामा, पोरे हलली. कशी हलली ते सविस्तर लिहितो.

माझी नेमणूक तात्पुरती होती हे आपणांस ठाऊक आहेच. ती कायम करायची की नाही हे शाळा तपासणारे डिपोटीसाहेब कवायतीचा तास पाहून ठरवणार होते. माझ्या आधीच्या मास्तरांच्या तासाला याच साहेबांनी शेरा मारला होता, की एक मूल पळते आणि उरलेला वर्ग त्याचे पळणे बघत बसतो. ते मास्तर आता पनवेलीकडे मेहुण्याच्या पिठाच्या गिरणीत आहेत. आमचे हेडमास्तर त्र्यंबकराव (स्वभावाने फार चांगले, पण घाबरले की तपकीर ओढतात आणि त्या आठवड्यात सारखी ओढत होते) मला म्हणाले, “सहदेव, तासात एक जरी मूल स्वस्थ उभं दिसलं, तर तुम्ही तुमच्या मामांकडे आणि मी साहेबांच्या तोंडी.”

त्या दिवसापासून मला उभे मूल दिसले की मी त्याला पळवायचो. पाणी पिताना उभे असले तरी. मी रात्रंदिवस आखणी केली. एकाच रांगेत सारा वर्ग उभा करून एकेकाला पळवायचे हेच मूळ दुखणे आहे असे माझ्या लक्षात आले. म्हणून वर्गाच्या चार तुकड्या केल्या आणि प्रत्येकीला वेगळे रिंगण दिले. एकीची लंगडी, दुसरीची शिवाशिवी, तिसरीची उड्या मारत शर्यत, चौथीचे लेझीम. शिट्टी वाजली की तुकड्यांनी रिंगणे बदलायची. यात बाद झालेल्या मुलानेही बसायचे नाही, शेजारच्या रिंगणात शिरून खेळायचे. (ही शेवटची कल्पना मला जेवताना सुचली आणि मी ताटावरून उठलो, ते घरमालकिणीला आवडले नाही.)

आता चार रिंगणे म्हटली की रेषा आल्या, आणि रेषांना चुन्याची फक्की हवी. शाळेत फक्की नव्हती. पण मामा, हे गाव मिठागरांचे. इथे पावसाळा सोडला तर जिकडे पाहावे तिकडे मिठाच्या पांढऱ्या राशी. पालकांनी हसत हसत टोपल्या भरून खडे मीठ आणून दिले. मी ते कुटले, चाळले आणि साहेब यायच्या दिवशी सकाळी दोरी लावून अशा रेषा आखल्या की त्र्यंबकरावांनी तपकिरीची डबी खिशात ठेवली. मैदान आरशासारखे झाले होते. कुणीही, अगदी जन्मभर मिठागरात राबलेल्या माणसांनीही, मला पुढची गोष्ट सांगितली नाही. गोठ्यात वाढलेल्या मला तरी ती सुचायला हवी होती, असे आपण म्हणाल. बरोबर आहे.

साहेब आले. लांब पावले टाकत, रेषा न्याहाळत, दोन ठिकाणी तुडवत खुर्चीवर बसले. मी शिट्टी वाजवली. तास सुरेख सुरू झाला. मग बदलाची शिट्टी द्यायची वेळ आली आणि भीतीने माझ्याकडून ती दोनदा वाजली. दोन शिट्ट्या म्हणजे ‘सावधान’. सबंध वर्ग जागच्या जागी खिळला. लंगडीवाले तर एका पायावर. साहेबांनी पेन्सिल काढली. मला डोळ्यांपुढे आपला ओटा दिसला.

तेवढ्यात बायजाबाईंची म्हैस आली. बायजाबाई म्हणजे शाळेमागच्या वाड्यातल्या. त्यांची जनावरे महिनाभर सुक्या पेंढ्यावर होती. म्हशीने लंगडीच्या रिंगणाला जीभ लावली आणि बघता बघता रिंगणाची एक बाजू नाहीशी केली. तिच्यामागून दुसरी, मग तिसरी, मग रेडकू, मग गावातल्या यच्चयावत शेळ्या. मी ओरडलो, “रेषा वाचवा!” (हे आखणीत नव्हते.) आणि मामा, वर्ग फुटला! लंगडीवाले म्हशीपुढे हात पसरून नाचू लागले, लेझीमवाले लेझीम वाजवत शेळ्यांच्या मागे, गोदा नावाची एवढीशी मुलगी रेडकाला मिठी मारून मागे रेटते आहे, आणि वर्षभर ‘मास्तर, पोटात दुखतंय’ म्हणून झाडाखाली बसणारा मधु तीन उड्यांत मैदानापलीकडे! बायजाबाई धावत आल्या त्या माझ्यावरच. “अरं मास्तर, माझ्या म्हशींना मिठाचं जेवान मांडलंस, नि आता पोरांकरवी हाकलतंस? तुज्या घरी असंच पाव्हण्यांना उठवतात का रं?”

मी उत्तर देणार तोच थोरली म्हैस साहेबांकडे वळली. त्यांचे बूट मिठाने माखलेले होते. तिने एक बूट चाटला. साहेब उठले. तिने दुसऱ्याकडे मान वळवली. साहेब निघाले. ती मागे निघाली. मामा, एवढ्या हुद्द्याचा माणूस असा पळताना मी पाहिला नव्हता. सारी मुले “साहेब, बूट काढा! बूट!” म्हणत त्यांच्यामागे, आणि त्र्यंबकराव सर्वांच्या मागे. अखेर साहेबांनी पळता पळता बूट भिरकावले, तेव्हा ती थांबली.

साहेब धापा टाकत, अनवाणीच येऊन खुर्चीत बसले. मग त्यांनी विचारले, “हा खेळ कुणी बसवला?” मी म्हणालो, “मी, साहेब.” खोटे नव्हते, मीठ मीच घातले होते. त्यांनी शेरा लिहिला तो मला तोंडपाठ आहे: ‘तासात एकही मूल स्वस्थ उभे नव्हते. मीही नव्हतो. मास्तरांस कायम करावे.’

माझे नाव कायमच्या यादीत चढले. त्र्यंबकरावांनी मला चहा पाजला आणि बायजाबाईंनी खरवस पाठवला. तरी आपण ओट्यावर कुणाशी बोलाल तेव्हा ‘सहद्याने पोरे हलवली’ एवढे सांगावे, आणि डिपोटीही हलवला हे सांगितलेत तरी माझी हरकत नाही.

आपला आज्ञाधारक,
सहदेव

ता.क. साहेबांना तो खेळ इतका पसंत पडला आहे की येत्या रामनवमीनंतर कल्याणला तालुक्यातल्या सर्व मास्तरांपुढे मी तो करून दाखवावा, असा हुकूम आला आहे. बायजाबाई म्हशी रेल्वेने पाठवायला तयार नाहीत. तरी आपल्या चारी म्हशी त्या सकाळी मैदानावर आणाव्यात आणि आधीचा आठवडा त्यांच्या आंबोणात मीठ घालू नये, ही कळकळीची विनंती. हलवण्याची काळजी आपण करू नये. ते मीठ करील.

ता.क. दुसरा. चारींपैकी चंद्रीला मात्र आणू नये. ती मला ओळखते आणि मुद्दाम जागची हलणार नाही.

ता.क. तिसरा. गोठ्यातली माझी जागा तेवढा दिवस पार पडेपर्यंत कुणाला देऊ नये.