‘इथे हसतील’ला आधार पाहिजे

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. इकडे देवाच्या दयेने सगळे हिंडतेफिरते आहेत (मी सोडून, माझं काम बसून करायचं आहे). तुझे गुडघे जिन्यावर कुरकुर करतात म्हणून लिहिलं होतंस, ते आता कसे आहेत? दाजींच्या गळ्याची जखम भरली हे वाचून बरं वाटलं. आवाज मात्र परत येणार नाही, कुजबुजीवरच भागवावं लागेल असं डॉक्टर म्हणाले, तेही वाचलं. त्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही. लिहायला लागलो तर पत्र तिथेच संपेल, आणि मला पुष्कळ सांगायचं आहे.

हे पत्र दाजींना वाचून दाखवू नकोस. ते आंघोळीला गेले की वाच आणि डब्याखाली ठेव. डावीकडे मी चांगला रुंद समास सोडला आहे, आणि कोरा समास दिसला की दाजींचं काय होतं ते तुला मी सांगायला नको. (डॉक्टरांच्या औषधाच्या चिठ्ठीवर कडेला ‘कारण दिलेले नाही’ असं लिहून ती चिठ्ठी त्यांनी डॉक्टरांनाच परत केली होती, आणि तू मागाहून जाऊन माफी मागून आलीस, हे मी विसरलेलो नाही.)

तर काम असं. दाजींनी जन्मभर ‘जमिनीखालचं पाणी’ हा विषय शिकवला. आता शिकवता येत नाही म्हणून त्यांच्या व्याख्यानांच्या टिपणांचं पुस्तक करायचं कॉलेजने ठरवलं, आणि अक्षरजुळणी आमच्या छापखान्यात, माझ्याकडे आली. सत्र सुरू होण्याआधी पुस्तक कॉलेजच्या समितीने मान्य केलं तर तो विषय यापुढेही दाजींच्या पद्धतीने शिकवला जाईल. नाही केलं, तर त्यांच्या कपाटात दुसऱ्या कुणाचं तरी एक जाडजूड तयार पुस्तक वाटच बघत बसलेलं आहे. दाजींची अट एकच होती. बोलता येत नाही म्हणून त्यांनी ती मला कागदावर लिहून दिली: समासातली प्रत्येक टीप आणि प्रत्येक संदर्भ ज्या ओळीबद्दल आहे त्या ओळीशेजारीच उभा राहिला पाहिजे. पानाच्या तळाशी नाही, पुस्तकाच्या शेवटी तर नाहीच. खाली आणखी लिहिलं होतं, ‘तळटीप म्हणजे बोलता बोलता माणसाचं कोपर धरून त्याला जिन्याखाली न्यायचं आणि कानात सांगायचं.’ मी लगेच हो म्हणालो. आमचे मालक नंतर म्हणाले, ‘तुम्हाला हो म्हणायला कुणी सांगितलं?’ मी म्हटलं, कुणी नाही.

पण कुणीतरी सांगितलं होतं, ताई. आपल्या गावच्या शाळेत वही नवी आली की पहिल्यांदा समास आखायचा, आठवतं? गुरुजी विचारायचे, ‘समास कुणाचा?’ आणि आपण सगळे छपराखालची कबुतरं उडेपर्यंत ओरडायचो, ‘गुरुजींचा!’ आपलं लिहिणं रेघेच्या आत, त्यांचं बाहेर. पुढे मला फारसं शिकता आलं नाही, पण ती रेघ माझ्या मनात तशीच राहिली. पान समोर आलं की अजूनही आधी समासाकडे बघतो आणि मनातल्या मनात हात जोडतो. दाजी तर नात्याने वडीलधारे आणि पेशाने मास्तर. त्यांना समासातून उठवून तळाशी बसवणारा मी कोण?

मात्र ठरवणं सोपं आणि जुळवणं अवघड. संगणकाला टीप ओळीशेजारी ठेव म्हटलं तर तो ठेवतो, पण दाजींच्या एका ओळीला एक टीप असते, त्या टिपेला शंका असते आणि शंकेला संदर्भ असतो. शेजारच्या ओळीचंही तसंच. मग एका टिपेने दुसरीला ढकलायचं, दुसरीने तिसरीला, आणि सगळी रांग खाली सरकत जायची. (पाण्याचा विषय असल्यामुळे टिपासुद्धा झिरपतात, असं आमचा बाइंडर म्हणाला. त्याला हसू येत होतं. जुळवायचं त्याला नव्हतं.) पण पहिल्या नमुना प्रतीच्या घोळात त्याचाही हात होता. मी सगळे संदर्भ पानाच्या उजव्या बाजूला लावले. उजव्या पानावर ती बाहेरची बाजू असते, डाव्या पानावर मात्र तीच शिवणीची बाजू होते, हे मला कळायला हवं होतं. पुस्तक शिवून आलं तेव्हा अर्धे संदर्भ दोऱ्याखाली गेले होते. मी बाइंडरला म्हटलं, ‘अहो, शिवताना तरी बघायचं!’ तो म्हणाला, ‘मी भोकं बघतो, अक्षरं तुम्ही बघा.’

दुसऱ्या प्रतीत मी बाजू सुधारली आणि वेगळ्याच खड्ड्यात पडलो. दाजींच्या प्रास्ताविकानंतर प्राचार्यांचे ‘दोन शब्द’ आहेत (ते तीन पानं आहेत). प्रास्ताविकाच्या शेवटच्या ओळीला फसव्या जमिनीबद्दल एक टीप होती. तिला पानावर जागा पुरली नाही म्हणून ती निमूटपणे पुढच्या पानावर गेली आणि थेट प्राचार्यांच्या नावाशेजारी जाऊन बसली. टीप अशी: ‘वरून ओलावा दिसतो, खणल्यावर खडखडाट.’ प्राचार्यांनी ती प्रत मालकांकडे परत पाठवली. सोबत एक शब्दही नव्हता, फक्त त्या टिपेभोवती लाल वर्तुळ होतं. मालक दुपारभर माझ्या टेबलाशेजारी उभे होते. ‘टिपा शेवटी टाका आणि मोकळे व्हा. शेवटी कुणी वाचत नाही, म्हणून कुणी चिडतही नाही,’ असं ते परत परत सांगत होते. मी म्हटलं, ‘नाही मालक, ओळीशेजारीच बसतील.’ मग एकेक पान घेतलं. कुठे अक्षर किंचित बारीक केलं, कुठे परिच्छेद अलीकडे फोडला, कुठे चित्र पलीकडे सरकवलं. घरी बायको म्हणाली, ‘तुम्ही जेवतानासुद्धा भाजी ताटाच्या कडेला लावून ठेवता.’ पण शेवटी टिपा बसल्या, ताई. पाहुणे आपापल्या जागी बसल्यावर घर कसं दिसतं, तशी पानं दिसायला लागली.

आता खरी गंमत ऐक. त्यात तुझाही वाटा आहे. दाजी मूळ टिपणं हातची सोडेनात म्हणून तू त्यांच्या झेरॉक्स काढून पाठवल्यास. टिपणांत दाजींनी संदर्भ निळ्या शाईने लिहिले होते, आणि शिकवताना स्वतःला करायच्या सूचना हिरव्या पेन्सिलीने. झेरॉक्समध्ये निळं आणि हिरवं दोन्ही काळं. त्यामुळे मी सगळंच्या सगळं भक्तिभावाने समासात जुळवलं. ‘इथे थांबून चष्मा पुसणे.’ ‘पाणी पिणे.’ ‘मागच्या बाकाकडे पाहणे.’ मला शंका आली नाही असं नाही. पण विद्वानांचं आपल्याला काय कळतं, असं म्हणून मी पुढे जात राहिलो. मागच्या बाकाबद्दल मला वाटलं, विहिरीमागे बाक असेल.

समितीची बैठक कॉलेजच्या एका लांबट खोलीत झाली. मालक आणि मी दाराजवळच्या खुर्च्यांवर बसलो होतो. अध्यक्षांनी पान उघडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. खडकांच्या थरांचा मजकूर होता, ऐकायला चांगला वाटत होता. वाचता वाचता नजर कडेला गेली आणि त्यांनी वाचलं, ‘इथे थांबून चष्मा पुसणे.’ आणि ताई, खोटं सांगत नाही, ते थांबले आणि त्यांनी चष्मा पुसला. तो परत डोळ्यांवर ठेवल्यावर आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं. शेजारच्या सदस्याने पुढचं पान आधीच पाहिलं असावं, कारण त्याचा हात पाण्याच्या पेल्याकडे निघाला होता.

अध्यक्ष म्हणाले, ‘हे काय आहे? पुस्तक आहे की नाटक? हे सगळं काढा आणि उरलेल्या टिपा शेवटी न्या.’ त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मालक ‘होय साहेब’ म्हणाले. मी उठून उभा राहिलो. देवाने जीभ सैल केली. म्हटलं, ‘साहेब, नाही. समास मास्तरांचा असतो.’ एवढंच. आणि उभाच राहिलो. मालक माझ्या चपलांकडे बघत होते.

तेव्हा दाजींच्या जागी आता ज्या शिकवतात त्या बाई बोलल्या. त्या दाजींच्याच विद्यार्थिनी. म्हणाल्या, ‘सर तिथे खरंच चष्मा पुसायचे. तेवढ्या वेळात आमचं लिहून व्हायचं. मी ही पानं वर्गात वापरून बघते, मग ठरवा.’ अध्यक्ष शिस्तीचा माणूस, पण अडेलतट्टू नाही. म्हणाले, ‘बघा.’

काही दिवसांनी बाई छापखान्यात आल्या. छत्री दाराला टेकवायच्या आतच बोलायला लागल्या. ‘बाकी सगळं लागू पडतं हो! मागच्या बाकाकडे पाहिलं की मागचा बाक खरंच जागा होतो. पण एका ठिकाणी तुमच्या दाजींनी मला तोंडघशी पाडलं. विहिरीचा विनोद आहे, त्याच्याशेजारी लिहिलंय, इथे हसतील. मी सांगून थांबले. कुणी हसेना. परत सांगितला. तरी नाही. शेवटी मीच हसले, तर पुढच्या बाकावरची मुलगी विचारते, बाई, हे परीक्षेला आहे का?’

विनोद तुला पाठ असेल. विहिरीत उतरलेल्या माणसाला वरून विचारतात, ‘पाणी किती खोल आहे रे?’ तो म्हणतो, ‘मी पोचलो की हाक मारतो.’ मी तो बाइंडरला सांगितला. तो म्हणाला, ‘मग मारली का?’ बायकोला सांगितला. ती म्हणाली, ‘तुम्ही सांगितलं की चांगल्या बातमीलासुद्धा हसू येत नाही.’ मग मी पान पुन्हा पाहिलं. विनोदाच्या अलीकडे आणखी एक टीप आहे, ‘इथे आवाज विहिरीतून आणणे.’ (बाई म्हणाल्या, मी आणला, पण तो बादलीतून आल्यासारखा आला.) आणि मला एकदम आठवलं. तुमच्याकडे राहायला आलो की दाजी स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करायचे. तू ओट्याशी पाठमोरी. दाजी भिंतीकडे तोंड करायचे आणि तो शेवटचा ‘हाक मारतो’ असा काही खोलातून काढायचे की ताटं थरथरायची. गंमत त्या वाक्यात नव्हतीच. ती त्यांच्या गळ्यात होती.

समितीचा निकाल आता असा आहे. अध्यक्ष म्हणतात, टिपा समासात राहू देत, सूचनाही राहू देत, पण समासात जे जे छापलं जाईल त्याला आधार हवा. चष्मा, पाणी, मागचा बाक यांना बाईंची साक्ष मिळाली. ‘इथे हसतील’ला आधार काय? आधार नसेल तर ती टीप काढा, ‘आणि एक काढता येते तर बाकीच्याही शेवटी नेता येतात,’ असं ते मला उद्देशून म्हणाले. मालकांनी ते पान माझ्या संगणकावर उघडून ठेवलं आहे. मी ते मिटत नाही आणि बदलतही नाही. देवाने मला मोठं काही करायला दिलेलं नाही, ओळीशेजारी ओळ ठेवायला दिलं आहे. तेवढं मी नीट करीन. ती टीप जागची हलणार नाही.

गुडघ्यांना शेक देत जा. जिना एका दमात चढू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं विचारायचं ते राहिलंच. दाजी स्वयंपाकघरात तो विनोद सांगायचे तेव्हा तुझी पाठ माझ्याकडे असायची. खांदे हलताना मी पाहिले आहेत, पण तू तेव्हा काहीतरी कुटतही असायचीस. तू हसत होतीस का? हसत असशील तर तसं लिहून खाली सही कर. ‘आधार: आमच्या घरून, तोंडी’ असा संदर्भ अध्यक्षांना चालतो, मी विचारून घेतलं आहे. ओळीशेजारी तेवढी जागा मी राखली आहे.

ता. क. दुसरा. हसत नसशील तर तेही कळव. खोटा आधार मी लावणार नाही. (पण नीट आठवून बघ. घाई नाही. म्हणजे आहे, पण तू करू नकोस.)

ता. क. तिसरा. दाजी, नमस्कार. तुम्ही हे वाचत आहात, मला माहीत आहे. मनाई केलेल्या कागदाखेरीज कुठलाच कागद तुम्ही शेवटपर्यंत वाचत नाही, म्हणून तर वर मनाई केली. रोजच्या टपालाने नव्या टिपा पाठवणं आता कृपा करून थांबवा, समास भरला आहे. यापुढे मी एकच घेईन. ताई समोर असेल तर भिंतीकडे तोंड करा, आणि जेवढा आवाज उरला आहे तेवढ्यात ती हाक मारा. मग वळून बघा, आणि जे दिसेल ते या पत्राच्या डाव्या बाजूला लिहून पाठवा. ती जागा मी तुमच्यासाठीच सोडली आहे.