शंभरातले चार आणि माझी तीन पावलं

कांदिवली (पश्चिम),
८ फेब्रुवारी १९८७

चि. जयवंता,

ताईचा भरभरून आशीर्वाद. अंधेरी ते कांदिवली चार स्टेशनं, तरी सख्ख्या बहीणभावात पोस्टमन लागतो! नलिनीची कंबर कशी आहे? (शेक घे म्हणावं, आणि पाण्याच्या बादल्या तू उचल.) इकडे सगळे मजेत. दिवाळीपासून तू दुकानात फिरकला नाहीस, म्हणून ताजी बातमी कळवते. आपल्या साड्यांच्या दुकानात आता कार्ड चालतं. यंत्रात गिऱ्हाइकाचं कार्ड ठेवायचं, वर कार्बनची पावती, आणि दांडा सरकवला की खर्रर्र-खट! झकास आवाज आहे. मी रोज सकाळी एकदा रिकामंच चालवून बघते.

पण ते मिळवताना माझी काय वाट लागली ते ऐक. बँकेतले नंदकुमार साहेब म्हणाले, शंभराची विक्री झाली की शहाण्णव तुमचे, चार आमचे. मी म्हटलं, साडी माझी, दुकान माझं, दिवसभराची बडबड माझी, मग चार रुपये तुम्हाला कशाचे? साहेबांनी (शांत माणूस, पण पंख्याखाली बसून घाम पुसत होता) समजावलं, की पावती नीट असली की गिऱ्हाईक बँकेला पैसे देवो नाहीतर बुडवो, तुम्हाला चौथ्या दिवशी मिळणार. वसुलीची कटकट आमची.

मला लगेच द्रौपदीमावशी आठवली. दोन वर्षांपूर्वी उधारीवर नारायणपेठी नेली, आता मला बघून पलीकडच्या फुटपाथवर जाते. तिच्या वसुलीत माझ्या दोन चपला झिजल्या. आणि रोखीवाली चंपाबाई तीनशेची साडी अडीचशेला पाडून वर फॉल फुकट लावून घेते. बँक तीनशेवर बाराच घेणार. म्हणजे चंपाबाईपेक्षा बँक परवडली! हे मला पटलं होतं, जयवंता, अगदी पटलं होतं. पण वीस वर्षं बायका माझ्याशी घासाघीस करतायत, एकदा माझी पाळी आली होती. ती कशी सोडू?

मी म्हटलं, दोन रुपये. साहेब नुसते हसले. मी पर्स उचलली आणि गिऱ्हाइकं निघतात तशी निघाले. तीन पावलं टाकली की दुकानदार हाक मारतो, "या हो बाई, घ्या!" मी तीन पावलं टाकली. मग चौथं, जरा लहान. दारात चपलेचा पट्टा नीट केला. जिना उतरले. बसस्टॉपवर दोन बसेस सोडल्या. बँकेतून कोणी म्हणजे कोणी हाक मारली नाही. शेवटी छत्री विसरले म्हणून परत गेले. (जानेवारीत छत्री कशाला, हे साहेबांनीही विचारलं.) मग मुकाट्याने चार रुपयांवर सही केली.

तुझी,
रत्नप्रभाताई

ता. क. – यंत्र येऊन तीन आठवडे झाले. आमच्या गिऱ्हाइकांत कार्ड कोणाकडेच नाही. महिनाअखेरपर्यंत एकही पावती गेली नाही तर बँक यंत्र परत नेणार. तुला कंपनीने कार्ड दिलंय. येतोस?

ता. क. दुसरा – खरं सांगते. दिवाळीत नलिनीची साडी तू दादरहून घेतलीस आणि वर म्हणालास, "ताई, तुझ्याकडे कार्ड कुठं चालतं?" मला ते फार लागलं रे. यंत्र मी तुझ्यासाठीच घेतलंय.

ता. क. तिसरा – तुझ्या साडीवरचे बँकेचे चार टक्के आपण निम्मे-निम्मे भरू. कबूल नसेल तर मी तीन पावलं चालत निघेन. तू तरी हाक मार.